घरचा डीएनएस सर्व्हर लावताय? या चुका टाळा

जुलैत फोंड्याला आमच्याकडे झाड तारांवर पडलं आणि दोन दिवस लाईट नव्हती. लाईट आली, राउटर चालू, रास्पबेरी पाय (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा, म्हणजे डीएनएसचं काम करणारा आमचा छोटा कॉम्प्युटर) चालू, पण एक साइट उघडेल तर शपथ, आणि आई मोबाईल घेऊन दारात, "तुझं ते डबडं आधी काढून टाक बघू."

अशा वेळी आधी पिंग 8.8.8.8 (गूगलचा डीएनएस सर्व्हर) मारायचं. उत्तर आलं म्हणजे नेट आहे, फक्त नावांचे पत्ते मिळत नाहीयेत. मग एनएसलुकअप या कमांडला पायचा आयपी देऊन एखाद्या साइटचा पत्ता विचारायचा. मला सर्व्हफेल, म्हणजे सर्व्हरला उत्तर देता येत नाही, असं आलं, आणि मी तासभर पाय-होलच्या (पायवरचं जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर) सेटिंग उलटसुलट करत बसलो, खरा घोळ होता घड्याळाचा! पाय 5 च्या आधीच्या बोर्डांवर स्वतःचं घड्याळच नसतं, शेवटची सेव्ह झालेली वेळ धरून ते पुढे चालू होतात, म्हणजे माझा पाय दोन दिवस मागे. मी अनबाउंडमध्ये (पायवर पत्ते शोधणारं सॉफ्टवेअर) डीएनएससेक लावलेलं, म्हणजे उत्तर खरं आहे का हे डिजिटल सहीवरून तपासणं, त्यातल्या सह्यांना कधीपासून कधीपर्यंत अशी मुदत असते, त्यामुळे परवाच्या तारखेत अडकलेल्या पायला आजच्या सह्या चालेनात. वेळ दुरुस्त करायची तर नेटवरून वेळ देणाऱ्या एनटीपी सर्व्हरचा पत्ता नावावरून शोधायला हवा, आणि तो शोधणार कोण, तर हाच डीएनएस. कपाटाची चावी कपाटातच! पायची वेळ जुळवणाऱ्या टाइमसिंकडीच्या सेटिंगमध्ये नावाऐवजी थेट आयपी टाका, क्लाउडफ्लेअरचा 162.159.200.1 चालतो, नाहीतर सेलवालं डीएस3231 घड्याळाचं मॉड्यूल लावा.

त्या रात्री आईची कटकट नको म्हणून मी राउटरमध्ये दुसरा डीएनएस 8.8.8.8 टाकला. सगळं सुरू झालं, पण दुसऱ्या दिवशी जाहिरातीही परत. बहुतेकांची चूक हीच, दुसरा म्हणजे स्टेपनी असं आपण धरून चालतो, पण फोन-लॅपटॉप कधी कुणाला विचारतील याचा नेम नसतो. दुसरा हवाच असेल तर तोही पाय-होलच ठेवा.

तरीही जाहिराती दिसतायत? मग राउटर आयपीव्ही6 (नव्या प्रकारचे आयपी पत्ते) वरून स्वतःचा डीएनएस वाटतोय का बघा, आणि अँड्रॉइडचं प्रायव्हेट डीएनएस, ब्राउझरचं सिक्युअर डीएनएस पण तपासा, त्यात दुसरा सर्व्हर नेमलेला असेल तर हे दोन्ही तुमच्या पायला विचारतच नाहीत.

पायचा आयपी राउटरच्या डीएचसीपीमध्ये (घरातल्या उपकरणांना आयपी वाटणारी सोय) रिझर्व्ह करा, नाहीतर एक दिवस तो आयपी दुसऱ्याच कुणाला जाईल. उबुंटूवर पोर्ट 53 (डीएनएसचं पोर्ट) बिझी दाखवलं तर उबुंटूचं स्वतःचं डीएनएस, सिस्टिमडी-रिझॉल्व्ड, तिथे बसलेलं असतं. आणि बाहेरून वापरता यावं म्हणून राउटरवर 53 उघडायचा मोह अजिबात नको, लोक तुमचा सर्व्हर दुसऱ्यांवर हल्ल्याला वापरतात.

आणि काहीही बदललं की फोनचं वायफाय बंद करून चालू करा, विंडोजवर आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस मारा. हे विसरून मी एकदा बरोबर असलेली सेटिंग अर्धा तास बिघडवत बसलो होतो.