साखरपुड्याला घरच्या घरी केस आणि नेलपेंट: काय काय तयारी ठेवायची

पुढच्या आठवड्यात चुलत बहिणीचा साखरपुडा आहे आणि पाच पोरींचे केस अन् नखं परत माझ्याकडंच आलेत, म्हणून हे सगळं लिहून ठेवायलेय, तुमच्याकडं अशीच गडबड असंल तर तुम्हालाही कामाला येईल. मागच्या वर्षी सख्ख्या धाकट्या बहिणीच्या वेळी मी एक गोष्ट विसरले आणि अंगठी घालतानाचा जो जवळून घेतलेला फोटो असतो ना, ज्यात नुसते दोघांचे हातच दिसतात, त्यात तिच्या अंगठीच्या बोटाचं नेलपेंट अर्धं निघालेलं आहे. तो फोटो मला अजून बघवत नाही.

तर सगळ्यात आधी रिमूव्हर. जुना रंग काढायला ते लागतंच, ते सोडा. मी सांगतेय ते कोऱ्या नखाचं. नख कितीही स्वच्छ दिसू द्या, रंग लावायच्या आधी कापसाला रिमूव्हर लावून दहाही नखांवरून फिरवायचं, कडेला आणि मुळाशी जरा दाबून. आमच्याकडं काय झालं, मी पोरींच्या डोक्याला खोबरेल तेल चोळून दिलं, मेंदी खरवडल्यावर रंग चढावा म्हणून हातालाही तेल लावलं, मग साबणानं हात धुतले, पुसले आणि लगेच नेलपेंट लावायला बसलो. तेल साबणानं पूर्ण जात नाही, नखाच्या कडेला राहतंच. लावताना काहीच कळत नाही, रंग छान चकचकीत बसतो. सकाळी बहीण साडी नेसताना म्हणाली, "अक्का, हे बघ की," आणि तिच्या चिमटीत नखाएवढा मरून पापुद्रा होता, लसणाची साल निघावी तसा अख्खाच्या अख्खा. दुपारपर्यंत पाचही जणींचं तेच. म्हणून रिमूव्हरची मोठी बाटली आणि कापसाचा बंडल आत्ताच आणून ठेवा, छोटी बाटली पाच जणींना पुरत नाही. आणि ते गॅसजवळ किंवा देवासमोरच्या दिव्याजवळ उघडायचं नाही, झटकन पेट घेतं.

आता क्रम. मेंदी दोन दिवस आधी. मेंदी नखावर गेली की नखही रंगतं आणि ते महिनोन्‌महिने तसंच राहतं, कारण नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळं ज्यांना नको त्यांनी मेंदीआधी बिनरंगाचं नेलपेंट लावून घ्या. तेल लावणं, डोक्यावरून अंघोळ हे आदल्या दिवशी सकाळीच उरकायचं, त्याच दिवशी धुतलेले केस इतके सुळसुळीत असतात की पिन टिकत नाही. आणि नळाला पाणी कधी येणारे ते बघून ठरवा. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हापासून आमच्या घरात हे कुणाला सांगावं लागत नाही. बोअरच्या जड पाण्यानं शाम्पूला फेस येत नाही आणि केस राठ होतात, तेवढा शेवटचा एक तांब्या तरी गोड्या पाण्याचा घ्या.

संध्याकाळी केस किंचित ओलसर करून, चिंब नाही, नुसतं पाणी शिंपडून, चार-पाच घट्ट वेण्या घालून झोपायचं. सकाळी सोडल्या की लाटा पडलेल्या असतात, मशीनही नको आणि लाईट गेली तरी चिंता नाही. सोडल्यावर कंगवा लावू नका, बोटांनीच मोकळे करा. वेण्या आधी, नेलपेंट नंतर, उलटं केलं तर केसात अडकून रंग फरकटतो. आणि मध्ये केसांना हात लागलाच असंल तर परत रिमूव्हरचा कापूस, हो परत, कंटाळा करायचा नाही, मी केलेला कंटाळा फोटोत आहे.

नेलपेंट जेवणं, भांडी सगळं झाल्यावरच. हात धुतल्या धुतल्या नको, नख पाणी पिऊन फुगलेलं असतं, अर्धा तास जाऊ द्या. मग कापूस. मग बेसकोट, म्हणजे रंगाच्या खालचा बिनरंगाचा थर, नाहीतर गडद रंगानं नखं पिवळी पडतात. बाटली हलवायची नाही, बुडबुडे येतात, दोन्ही तळहातांत धरून फिरवायची. पातळ दोन हात द्या, मध्ये एक ओढ आणि दोन बाजूंना दोन, आणि ब्रश नखाच्या टोकावरून जरासा फिरवा, टोकापासूनच निघायला सुरुवात होते. घाईत एकच जाड थर देऊ नका, वरून वाळतो, आत ओलाच राहतो आणि सकाळी त्याच्यावर चादरीची नक्षी उमटते. नऊपर्यंत लावून झालं तर अकराला झोपता येतं. नखाभोवती आधीच फेविकॉलची बारीक रेघ ओढून वाळू दिली तर बाहेर गेलेला रंग त्याच्यासकट सोलून निघतो.

डिझाईन साधंच ठेवा. पैठणीवर मरून आणि अनामिकेला सोनेरी ठिपके एवढं पुरतं. ठिपक्यांना केसांच्या काळ्या पिनेचं गोल टोक बुडवायचं, पाच ठिपक्यांचं फूल अगदी नीट येतं. सेलोटेप लावून अर्धा-अर्धा रंग करायचा तर खालचा पूर्ण वाळू द्या, नाहीतर टेपबरोबर तोही येतो. शेवटी टॉपकोट, म्हणजे सगळ्यावरून बिनरंगाचा एक थर.

सकाळी केस. मोठ्यांना अंबाडा, त्याच्या आत घालायचं गोल कडं म्हणजे डोनट नसला तर जुन्या मोज्याचा पंजा कापून टाकून उरलेला मोजा गुंडाळला की चालतं. लहानींना सागरवेणी. पिन घालताना नागमोडी बाजू डोक्याकडं, सपाट वर, बऱ्याच जणी उलटी घालतात आणि मग पिन सरकते म्हणतात. पिनांची दोन पाकिटं लागतात, एक कायम कुठंतरी जातंच. गजरा आदल्या संध्याकाळी आणून ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजात, बर्फाच्या कप्प्यात नाही, तिथं फुलं काळी पडतात. सगळ्यात शेवटी माळायचा.

पर्समध्ये तोच रंग, पाच-सहा पिना, सेफ्टी पिन, टिकल्या. आणि छोट्या डबीत रिमूव्हर लावलेला कापूस, झाकण घट्ट. कार्यालयात एखादीचं टोक उडालंच तर डागडुजीच्या आधी तिथंही तो फिरवायचा, हात जेवणाचे असतात.