बोली लावण्यापूर्वी विक्रेत्याला काय विचारावे

ऑनलाइन लिलावात एकदा लावलेली बोली सहजासहजी मागे घेता येत नाही. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर रक्कम टाइप करताना चूक झाली, वस्तूचे वर्णन मध्येच लक्षणीय बदलले किंवा विक्रेत्याशी संपर्कच होत नाही, अशा मोजक्या कारणांसाठीच ती मुभा मिळते. म्हणून जे विचारायचे ते बोलीच्या आधी आणि शक्यतो लिलाव संपायला एक-दोन दिवस असतानाच विचारावे. शेवटच्या तासाभरात पाठवलेला प्रश्न अनुत्तरित राहिला, तर विक्रेत्याला दोष देता येत नाही.

प्रश्न लिहिण्यापूर्वी वर्णन अखेरच्या ओळीपर्यंत वाचावे, छायाचित्रे मोठी करून पाहावीत आणि आधीच्या ग्राहकांचे अभिप्राय, विशेषतः तक्रारीचे, नजरेखालून घालावेत.

खरी मेहनत प्रश्नाच्या शब्दांवर घ्यावी. ‘वस्तू कशी आहे?’ या प्रश्नाला ‘उत्तम’ असे उत्तर येते आणि पुढे त्यावर बोट ठेवता येत नाही. जुनी कॅमेरा लेन्स घ्यायची असेल, तर मागून टॉर्चचा प्रकाश टाकल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी किंवा धुरकटपणा दिसतो का, अ‍ॅपर्चरच्या (आत येणारा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या छिद्राच्या) पात्यांवर तेल आले आहे का, फोकसची रिंग अडखळते का, असे एकेक विचारावे आणि तसाच प्रकाश टाकून काढलेले छायाचित्र मागावे. घड्याळ असल्यास डायल मूळची आहे की पुन्हा रंगवलेली, हे विचारून मागचे झाकण उघडलेले छायाचित्र मागावे. मोबाइलबाबत आधीच्या मालकाचे खाते काढून टाकले आहे का, हा प्रश्न बॅटरीच्याही आधी येतो. ‘चालू आहे की नाही तपासलेले नाही’ हे वाक्य मात्र सावधपणे वाचावे. दोन सेल घालून जी वस्तू तपासता आली असती, ती बंदच आहे असे धरून बोलीची रक्कम ठरवावी.

पाठवणीचा खर्च, विमा, परत घेण्याची अट आणि परदेशातून येणाऱ्या वस्तूवरचे सीमाशुल्क कोण भरणार, हे एकाच संदेशात विचारून घ्यावे. नाजूक वस्तू असेल, तर ती दुहेरी खोक्यात बांधणार का, हेही विचारावे.

सगळा पत्रव्यवहार संकेतस्थळाच्या संदेशपेटीतूनच करावा, कारण वाद झाल्यास वर्णन आणि ही उत्तरे हाच आपल्या हातातला पुरावा असतो. बाहेर परस्पर सौदा करू, थोडे स्वस्तात देतो, असे सुचवणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवावे. वर्णनाच्या पानाची प्रतही जपून ठेवावी.

उत्तर आले, पण नेमक्या प्रश्नाला बगल दिलेली असेल, तर तोच प्रश्न एकदा सौम्य शब्दांत पुन्हा विचारावा. दुसऱ्यांदाही टाळाटाळ झाली, तर ज्या दोषाबद्दल विचारले तो आहेच असे समजून दुरुस्तीचा खर्च आपल्या कमाल रकमेतून वजा करावा, आणि उरलेली रक्कम लावण्याजोगी वाटत नसेल, तर तो लिलाव सोडून द्यावा.