क्रॉलरची साखळी: आधी मोजा, मग घण उचला

जुन्या क्रॉलर ट्रॅक्टरच्या, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी साखळ्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या, साखळीला मी पहिल्यांदा हात घातला तेव्हा मला एकच उपाय माहीत होता: ढिली झाली की ताणायची. तीन महिन्यांत तीनदा ताणली. चौथ्या वेळी साखळी ताणणाऱ्या ॲडजस्टरमध्ये जागाच उरली नव्हती आणि साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, दात टोकाला सुरीसारखे निमुळते झाले होते. साखळी 'लांबते' म्हणजे नेमकं काय होतं, हे तोवर मी कुणाला विचारलंच नव्हतं. या कामात नव्याने येणाऱ्यांनी सुरुवात तिथूनच करावी.

लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि तिच्यावर बुश, म्हणजे पोलादी नळी. साखळी स्प्रॉकेटवर आणि दुसऱ्या टोकाच्या बिनदाती चाकावर, म्हणजे आयडलरवर, वळते तेव्हा पिन बुशच्या आत थोडीशी फिरते. तेल भरलेल्या सीलबंद साखळ्या १९७०च्या दशकात आल्या. त्याआधीच्या साखळ्या कोरड्या. त्यांत बारीक माती शिरते आणि पिन बाहेरून, बुश आतून, दोन्ही एकाच बाजूला घासतात. एका सांध्यात मिलिमीटरभर झीज झाली तर चाळीस सांध्यांची साखळी चार सेंटिमीटर लांब होते. दोन पिनांमधलं अंतर, म्हणजे पिच, वाढतं. स्प्रॉकेट मात्र मूळ पिचचाच राहतो. मग बुश दातांच्या खाचेत न बसता दातावर चढू लागतो. ताणल्याने ढिलाई दिसेनाशी होते, पण पिच कमी होत नाही. उलट गरजेपेक्षा घट्ट साखळी पिन, बुश, आयडलर सगळ्यांना लवकर खाते.

म्हणून आधी टेप काढा. स्प्रॉकेटच्या दातांत एक जुनी पिन अडकवून ट्रॅक्टर अगदी सावकाश मागे घ्या. वरची साखळी ताठ होते. मग एका पिनच्या कडेपासून पाचव्या पिनच्या त्याच कडेपर्यंत, म्हणजे चार कड्यांचं अंतर मोजा. साखळी जिथे उघडते त्या मास्टर पिनचा सांधा या मापात घेऊ नका, तिथली झीज वेगळी असते. बुशचा बाहेरचा व्यासही कॅलिपरने सगळ्यात झिजलेल्या जागी मोजा. दोन्ही मापं त्या मॉडेलच्या पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहा. अंदाजावर जाऊ नका, डोळा इथे हमखास फसतो.

माप मर्यादेपर्यंत आलं, पण बुशला तडा गेलेला नाही आणि तो आरपार झिजलेलाही नाही, तर पिन आणि बुश १८० अंशात फिरवून परत बसवता येतात. न झिजलेली बाजू कामाला लागते आणि पिच जवळजवळ पूर्वीसारखा होतो. या कामातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच. पहिला बुश टेबलावर आला तेव्हा मी तो कितीतरी वेळ हातात फिरवत बसलो. एका बाजूला आरशासारखा चकचकीत खळगा, नख फिरवलं तर कडेला अडकणारा. आणि दुसरी बाजू जशीच्या तशी, गंज आणि जुन्या रंगाचा पापुद्रा धरून बसलेली. दिवस काढत राहिलो असतो तर ती बाजू भंगारातच गेली असती.

साखळी उघडताना घाई नको. जमीन सपाट आणि कठीण हवी. मास्टर पिन बाकीच्या पिनांहून वेगळी असते. बहुतेक ठिकाणी तिच्या टोकाला खळगा किंवा खूण असते. ती पुढे, आयडलरच्या मध्याच्या उंचीवर आणा आणि साखळीवर बोल्टने बसवलेल्या, जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यांपैकी खालच्या पट्टीखाली लाकडी ठोकळा घाला. ग्रीसवरच्या ॲडजस्टरचा व्हॉल्व्ह एकच आटा सैल करा, पूर्ण कधीच काढू नका, आणि तोंड बाजूला ठेवा. त्या दाबाचं ग्रीस कातडीत घुसतं; जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, तरी ताबडतोब रुग्णालयात जायचं. ॲडजस्टरमागची मोठी स्प्रिंग कित्येक टनांनी दाबून बसवलेली असते. तिचे बोल्ट योग्य साधनाशिवाय उघडू नका. इथे धाडसाला जागा नाही.

मास्टर पिन घणाने निघते, पण घण थेट तिच्यावर घालू नका. कडक पोलाद कडक पोलादावर आपटलं की कपची उडते. माझ्यासोबत काम करणाऱ्याच्या हातात अशीच एक कपची रुतली होती. डोळा वाचला तो चष्म्यामुळे. मऊ धातूचा ठोंब्या मध्ये धरा. पिन निघाली की साखळी वजनाने कोसळते, म्हणून समोर कुणालाही उभं करू नका. बाकीच्या पिनांना प्रेसच लागतो. गॅसने तापवून काढण्याचा मोह टाळा. बुशचा कडकपणा तापवल्याने जातो, मग तो भराभर झिजतो.

स्प्रॉकेटचे दात मोजून पाहा. बऱ्याच जुन्या यंत्रांत ते विषम असतात आणि बुश एकाआड एक खाचेत बसतो. म्हणजे एका फेरीत न लागलेले दात पुढच्या फेरीत लागतात आणि झीज वाटली जाते. ज्याने हे सुचवलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. मात्र दात निमुळते झाले असतील तर स्प्रॉकेट बदलाच. जुना स्प्रॉकेट चांगल्या साखळीलाही आपल्यासारखंच करतो.

जोडणी झाली की ट्रॅक्टर थोडा पुढे नेऊन ब्रेक न लावता आपोआप थांबू द्या. आयडलरपासून वरची साखळी पेलणाऱ्या रोलरपर्यंत मोजायची सरळ पट्टी ठेवून मधला झोळ मोजा. छोट्या यंत्रांत तो साधारण २५ ते ४० मिलिमीटर असतो, पण शेवटचा शब्द पुस्तकाचा. ज्या चिखलात काम करायचं आहे त्याच चिखलात हे माप घ्या, कारण स्प्रॉकेटमध्ये माती बसली की साखळी आपोआप घट्ट होते. कोरडी साखळी किरकिरते म्हणून तिच्यावर तेल ओतू नका. तेलात माती मिसळून घासायची पेस्टच तयार होते.

पहिला तासभर हळू आणि शक्यतो पुढेच चालवा. जोरात मागे नेल्याने बुश जास्त झिजतो. मग थांबून पट्ट्यांचे बोल्ट पुन्हा आवळा. एखादा सांधा ताठ राहिला असेल तर आयडलरवरून उतरताना तो सरळ न होता उचललेला दिसतो. त्याच्यावर खडूची खूण करा आणि दुसऱ्या दिवशी तो परत उघडा.