द्रवाचा दाब आणि खोली: या चुका टाळा

सूत्र सगळ्यांना तोंडपाठ असतं: दाब = घनता × गुरुत्व त्वरण × खोली. तरीही त्याच त्या चुका होतात, कारण खोली कुठून मोजायची हे न ठरवताच आकडे घातले जातात. माझा आग्रह एकच: आधी द्रवाचा मोकळा पृष्ठभाग शोधा, आकृतीत तिथे आडवी रेघ मारा आणि मगच सूत्राला हात घाला.

पाणी जास्त म्हणून दाब जास्त

हा गैरसमज सगळ्यांत चिवट. फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिन यांनी १५८६ मध्येच दाखवून दिलं होतं की तळावरचा दाब भांड्याच्या आकारावर किंवा पाण्याच्या एकूण वजनावर नाही, तर फक्त उंचीवर ठरतो. तरी माझ्या एका परिचितांनी वरच्या मजल्यावरच्या शॉवरला जोर नाही म्हणून दुप्पट क्षमतेची टाकी बसवून घेतली. जुनी टाकी उभट होती, भरल्यावर पाणी दीड मीटर उंच चढायचं. नवी पसरट, त्यात उंची जेमतेम १.२ मीटर. टाकीचा तळ शॉवरच्या एक मीटर वर. म्हणजे बंद शॉवरपाशी आधी २४.५ किलोपास्कल दाब मिळायचा, तो आता २१.६ झाला. खर्च करून दाब कमी करून घेतला! शेवटी मजबूत चौथरा बांधून टाकी दोन मीटर वर घेतली, तेव्हा १९.६ किलोपास्कलची भर पडली. पाणी वाहू लागलं की पाइपमधल्या घर्षणाने दाब आणखी घटतो, तो हिशेब वेगळा. पण क्षमता वाढवण्याआधी उंची मोजायला टेप लागते आणि पाच मिनिटं. तेवढाही धीर लोकांना नसतो.

'समान पातळीवर समान दाब'

हे वाक्य अर्धवट पाठ करणाऱ्यांनी मला फार छळलं आहे. पूर्ण वाक्य असं: स्थिर, सलग आणि *एकाच* द्रवात समान पातळीवर दाब समान असतो. दोन्ही तोंडं उघडी असलेल्या यू-नळीत पाणी आहे आणि एका बाजूला २० सेंटिमीटर तेल ओतलंय, घनता ८०० किलोग्रॅम प्रति घनमीटर. तेल-पाण्याच्या सीमेपासून दुसऱ्या बाजूचं पाणी १६ सेंटिमीटर वर उभं राहतं. आता सीमेच्या १० सेंटिमीटर वर रेघ मारा. तेलाच्या बाजूला वर १० सेंटिमीटर तेल उरतं, म्हणजे ७८४ पास्कल. पाण्याच्या बाजूला ६ सेंटिमीटर पाणी, म्हणजे ५८८. पातळी एक, दाब वेगळे, कारण त्या रेघेवरची दोन टोकं एकाच द्रवात नाहीत. मी रेघ नेहमी सीमेवरच मारते. तिच्याखाली दोन्हीकडे सलग पाणीच असतं. घाईत रेघ कुठेही मारणाऱ्याचं उत्तर चुकणारच.

दुप्पट खोली, दुप्पट दाब

हे फक्त गेज दाबाला, म्हणजे वातावरणाचा दाब वगळून मोजलेल्या दाबाला लागू. गोड्या पाण्यात १० मीटरवर गेज दाब ९८ किलोपास्कल, वातावरणाचा १०१.३ मिळवला की निरपेक्ष दाब सुमारे १९९. २० मीटरवर तो २९७, म्हणजे पृष्ठभागावरच्या दाबाच्या तिपटीजवळ, चौपट नव्हे. प्रश्नात कोणता दाब विचारलाय ते उत्तराआधी लिहून ठेवा.

बाकीच्या, थोडक्यात

तिरक्या नळीची लांबी म्हणजे खोली नव्हे. उभं अंतरच घ्या.

खोली तळापासून मोजू नका.

घनता ग्रॅममध्ये आणि उंची मीटरमध्ये ठेवून उत्तर पास्कलमध्ये येत नाही. पाण्याची घनता १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर, एवढं लिहूनच सुरुवात करा.

काठोकाठ भरलेल्या टाकीच्या आयताकृती भिंतीवरचं बल काढताना तळाच्या दाबाला पूर्ण क्षेत्रफळाने गुणू नका. मध्यावरचा दाब घ्या. आणि ते बल मध्यावर नाही, तळापासून एक-तृतीयांश उंचीवर लागतं.