कार्गो पँटच्या खिशात पिस्तूल: कुठला खिसा, कसलं होल्स्टर आणि हात कसा घालायचा

टेक्ससच्या उन्हाळ्यात कमरेला पिस्तूल लावून वर सैल शर्ट घालणं नकोसं होतं, म्हणून बरेच परवानाधारक खिशाकडे वळतात. कार्गो पँटचं कापड जाड, खिसे भरपूर, ठेवण ढगळ, त्यामुळे ती सोयीची वाटते. पहिली चूक इथेच होते. मांडीवरच्या झाकणाच्या मोठ्या खिशात पिस्तूल टाकलं जातं. तो खिसा पिस्तुलासाठी नाही. पिस्तूल जातं पुढच्या तिरक्या खिशात, ज्यात एरवी आपण हात घालून उभे राहतो त्यात.

त्याआधी कायद्याचं. एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असाल तर हा लेख तुमच्या उपयोगाचा नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या व्यक्तीला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक आणि काडतुसं विकत घेता येत नाहीतच, जवळ बाळगताही येत नाहीत. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी लागू नाही. भारतातला शस्त्र परवाना इथे चालत नाही. टेक्ससमध्ये २०२१ पासून पात्र प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, तरीही परवाना काढाच. त्या निमित्ताने कायदा शिकावा लागतो, आणि परवान्याला मानणाऱ्या दुसऱ्या राज्यांत तो उपयोगी पडतो. शाळेची इमारत, केंद्र सरकारची कचेरी, विमानतळाच्या तपासणीच्या पुढचा भाग आणि दारावर लाल ‘५१%’ची पाटी (म्हणजे निम्म्याहून जास्त उत्पन्न तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूचं) असलेला बार इथे पिस्तूल न्यायचं नाही. दुकानाच्या किंवा देवळाच्या दारावर ३०.०६ कलमाची, म्हणजे लपवून पिस्तूल आणायला मनाई करणारी, पाटी दिसली तर तिथेही नाही. राज्याची हद्द ओलांडली की नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी वाचून घ्या.

पिस्तूल आणि पँट

खिशासाठी वजन ही पहिली कसोटी. रुगर एलसीपी रिकामं साधारण २७० ग्रॅम भरतं, स्मिथ अँड वेसनचं ६४२ हे पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर साधारण ४१० ग्रॅम आणि सिग पी३६५ सुमारे ५०० ग्रॅम. भरलेलं ग्लॉक १९ साडेआठशे ग्रॅमच्या घरात जातं आणि पँट एका बाजूला ओढून धरतं, ते खिशात ठेवू नका. ६४२ चा हॅमर (काडतुसावर आघात करणारा घोडा) आत झाकलेला असल्यामुळे कापडात अडकायला काही उरत नाही, आणि चाप ओढायला पाच किलोहून जास्त जोर लागतो. खिशासाठी हे दोन्ही गुण मोलाचे आहेत. हलका चाप असलेलं आणि सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली कळ) नसलेलं पिस्तूल खिशात नको, होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचं म्यान कितीही चांगलं असलं तरी.

पँट घेताना पिस्तूल रिकामं करून घरीच घालून बघा. खिशाच्या तोंडापासून तळापर्यंत साडेसहा ते सात इंच खोली लागते. मूठ तोंडाच्या आत पूर्ण बुडायला हवी, पण हात मनगटापर्यंत न घालता बोटांना लागायला हवी. बहुतेक कार्गो पँटचं अस्तर मांजरपाटासारखं पातळ असतं. ते महिन्याभरात विरतं आणि पिस्तुलाचा आकार बाहेर दिसू लागतो. शिंप्याकडून जीनच्या कापडाचा नवा खिसा बसवून घ्या आणि तोंडाच्या मागच्या कडेला दुहेरी शिवण मारायला सांगा. ती शिवण कशासाठी ते पुढे येईल. दीड इंच रुंद, ताठ पट्टा लागतोच.

होल्स्टर

होल्स्टरशिवाय पिस्तूल खिशात ठेवायचं नाही. ‘थोडाच वेळ’, ‘गोळी नळीत नाही’, ‘सेफ्टी लावली आहे’, यातलं कुठलंही कारण चालत नाही. खिशाच्या होल्स्टरची कामं तीन: चाप पूर्ण झाकणं, पिस्तूल मूठ वर ठेवून उभं धरणं आणि पिस्तूल निघालं तरी स्वतः खिशात राहणं. चाप झाकणारा भाग अंगठ्याने बाहेरून जोरात दाबून बघा. दाब चापापर्यंत पोचत असेल तर ते होल्स्टर बाजूला ठेवा. ढिली पडलेली जुनी कापडी होल्स्टरं इथेच नापास होतात.

आणि त्या खिशात दुसरं काहीही नाही. किल्ली नाही, सुटे पैसे नाहीत, लिप बाम नाही. पाकीट आणि फोन दुसऱ्या बाजूला. पोलिसांनी गाडी थांबवली तर परवाना काढायला हात पिस्तुलाकडे जाता कामा नये, म्हणूनही हे गरजेचं आहे. हात स्टीअरिंगवर ठेवा, पिस्तूल कुठे आहे ते तोंडाने सांगा आणि त्याला हात लावू नका. मिशिगनमध्ये तर न विचारता लगेच सांगणं बंधनकारक आहे.

हात आत, पिस्तूल बाहेर

इथे घाई करू नका, कारण चुकीचा सल्ला सर्वांत जास्त याच पायरीवर मिळतो. ‘मूठ पकडा आणि खेचा’ असं सांगितलं जातं. तसं केलं की हात खिशातच अडकतो. वळलेली मूठ सरळ तळव्यापेक्षा जाड असते, आणि खिशाचं तोंड सरळ तळव्यापुरतंच कापलेलं असतं.

बोटं जुळवून, तळवा चपटा ठेवून हात आत सरकवा, तव्याच्या कडेने भाकरीखाली उलथनं घालतो तसा. मधलं बोट चापाच्या कडीखाली टेकेपर्यंत वर न्या. तर्जनी होल्स्टरच्या बाहेरच्या अंगावर सरळ राहील. अंगठा मुठीभोवती गुंडाळू नका. तो स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या) मागच्या टोकावर, रिव्हॉल्व्हर असेल तर हॅमरच्या जागी असलेल्या पाठीवर, टेकवा. त्याने हात अरुंद राहतो आणि पिस्तुलाचा मागचा कोपरा खिशाच्या शिवणीत अडकत नाही. बाहेर आल्यावरच अंगठा खाली येऊन पकड पुरी होते.

ओढायचं सरळ वर नाही, वर आणि किंचित मागे. चांगल्या होल्स्टरला मागच्या बाजूला आकड्यासारखा कोपरा असतो. मागे ओढलं की तो खिशाच्या तोंडाच्या कडेला अडतो आणि होल्स्टर आत राहतं. दुहेरी शिवण त्यासाठीच होती, कारण मऊ कड दुमडते आणि आकडा निसटतो.

होल्स्टर पिस्तुलासकट बाहेर येणं हा नेहमीचा बिघाड आहे. अशा वेळी बहुतेकांचा दुसरा हात होल्स्टर उपटायला धावतो आणि तो तळवा थेट नळीसमोर येतो. ही सवय सरावात लागली तर नंतर सुटत नाही. कारण शोधा. बहुतेक वेळा रबरासारखा बाहेरचा थर धूळ आणि कापसाच्या तंतूंनी गुळगुळीत झालेला असतो. ओल्या फडक्याने पुसला की तो पुन्हा धरतो. तरीही येत असेल तर होल्स्टर त्या खिशाला छोटं आहे, किंवा पिस्तुलाला घट्ट.

सराव रिकाम्या पिस्तुलाने करा. मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) आधी काढा, मग स्लाइड मागे ओढून नळीचा मागचा भाग डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधली गोळी नळीत चढते. रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडून पाचही घरं मोजा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. पिस्तुलाचं तोंड अशा दिशेला असावं जिथे गोळी थांबेल. अमेरिकेतल्या घरांच्या जिप्समच्या भिंतींतून गोळी आरपार जाते, म्हणून विटांची भिंत किंवा पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट निवडा. पंधरा मिनिटं, सावकाश. वेग आपोआप येतो.

बसलेलं असताना कापड मांडीवर ताणलं जातं आणि पुढच्या खिशातून पिस्तूल जवळजवळ निघत नाही. पाय पुढे सरळ करून कंबर थोडी उचलली तर निघतं, पण गाडीत सीटबेल्टखाली तेही जमत नाही. ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे. त्यावर उपाय म्हणून पिस्तूल गाडीच्या दाराच्या कप्प्यात हलवू नका. काढ-घाल जितकी जास्त, तितकी चुकून गोळी सुटण्याची संधी जास्त.

परत ठेवताना

खिशातल्या होल्स्टरमध्ये पिस्तूल कधीही वरून खोचायचं नाही. आत काय दुमडलं आहे ते दिसत नाही, आणि अस्तराची एक घडी किंवा शर्टाची दोरी चापात शिरायला पुरते. नळीचं तोंड त्या क्षणी मांडीकडे असतं आणि मांडीच्या आतल्या अंगाने मोठी रोहिणी जाते. ती फुटली तर हातात मिनिटंच उरतात.

आधी रिकामं होल्स्टर खिशातून काढा. पिस्तुलाचं तोंड सुरक्षित दिशेला धरून, होल्स्टर दुसऱ्या हाताने कडेने पकडून, बोटं नळीसमोर न आणता पिस्तूल आत बसवा. चाप झाकला गेला हे डोळ्यांनी बघा. मग दोन्ही एकत्र खिशात. सावकाश करा, इथे घाईचं कारणच नसतं.

मांडीवरच्या खिशातच ठेवायचं असेल तर

व्हीलचेअरवर किंवा दिवसभर गाडीच्या सीटवर असणाऱ्याला हा खिसा खरोखर उपयोगी पडू शकतो, कारण बसल्यावर तो वर आणि बाजूला असतो. चालणाऱ्याला नाही. जिना चढताना पिस्तूल लोलकासारखं गुडघ्यावर आपटतं, आणि सात-आठ इंच रुंद, चुण्यांच्या खिशात तासाभरात आडवं होतं. आडवं पिस्तूल म्हणजे मूठ कुठे आणि नळी कुठे हे न कळणं.

शिंप्याकडून खिशात उभी शिवण मारून होल्स्टरच्या रुंदीपेक्षा अर्धा इंच मोठा कप्पा करून घ्या. आत मांडीच्या बाजूला वेलक्रोची खरखरीत पट्टी, होल्स्टरला मऊ पट्टी. झाकणाला बटणं असतील तर काढून टाका, वेलक्रोचा एकच ठिपका पुरे. रिकामं वजन ३०० ग्रॅमच्या आत असलेलंच पिस्तूल. सगळं शिवून झाल्यावर रिकामं पिस्तूल घालून दोन जिने चढा-उतरा आणि खिसा उघडून बघा. मूठ जिथे होती तिथेच नसेल तर पुन्हा शिंप्याकडे.

बाकी लोकांनी हे खिसे टॉर्च, जादा मॅगझिन आणि टूर्निके, म्हणजे रक्तस्राव थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा, यांसाठी वापरावेत. टूर्निके पिस्तुलाच्या विरुद्ध पायावर ठेवा आणि ते एका हाताने बांधायला शिका.

देखभाल

खिशातला कापूस ही पिस्तुलाची रोजची धूळ. आठवड्यातून एकदा रिकामं करून नळी, चापाची फट आणि होल्स्टरचा तळ साफ करा. घामाने धातूवर बारीक तांबूस ठिपके येतात, तेलाचा अगदी पातळ हात पुरतो. जास्त तेल कापूस धरून ठेवतं.

रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तीच गोळी नळीत चढवत असाल तर ती गोळी नव्या गोळीशेजारी उभी करून बघा. पुन्हा पुन्हा आदळून शिसं पितळी नळकांड्यात आत सरकतं, लांबी कमी दिसते आणि उडवताना दाब वाढतो. अशी आखूड झालेली गोळी वापरू नका. त्यापेक्षा रात्री पिस्तूल होल्स्टरसकट कुलपाच्या पेटीत ठेवणं बरं, म्हणजे काढ-घाल होतच नाही. आणि हे पँट खुंटीला टांगण्याआधी करायचं, कारण घरातली मुलं सुट्टे पैसे शोधायला बाबांच्या खिशातच हात घालतात.