नकाशा पाहून बेकायदा मासेमारीची तक्रार करताय? या चुका टाळा

रात्री समुद्रात दिव्यांचा लखलखाट दिसतो. कोणीतरी मोबाइलवर जहाजांचा नकाशा उघडतो, ठिपका सापडतो, आणि स्क्रीनशॉटसह मच्छीमार सोसायटीकडून तक्रार मत्स्यव्यवसाय विभागाकडे जाते. पुढे काहीच घडत नाही. दर वेळी दोष विभागाचाच असतो असे नाही. तक्रारीतले आकडेही तपासायला हवेत.

सर्वांत महागात पडणारी चूक अक्षांश-रेखांशांची. बोटीवरचा जीपीएस बहुधा अंश आणि मिनिटे दाखवतो. समजा, वाचन आहे 16 अंश 58.5 मिनिटे, म्हणजे रत्नागिरी शहरासमोर. हेच मोबाइलच्या नकाशात 16.585 असे टाकले की बोट जाते थेट विजयदुर्गाजवळ! मिनिटांना 60 ने भागायचे असते. 58.5 भागिले 60 म्हणजे 0.975, म्हणून खरा आकडा 16.975. फरक 23 सागरी मैलांचा, सुमारे 43 किलोमीटर. ठिकाणच बदलले, गस्तीनौका जाणार कुठे? रेखांशात चारच मैल चुकले तरी नऊ मैलांवरची बोट कागदावर तेराव्या मैलावर जाते आणि राज्याच्या 12 सागरी मैलांच्या हद्दीबाहेर पडते. म्हणून जीपीएसच्या पडद्याचा फोटोच जोडा.

वेळेचेही तसेच. उपग्रहाच्या नोंदी जागतिक वेळेत असतात, आपण साडेपाच तास पुढे. आपल्याकडे पहाटे दोन वाजलेले असताना नोंदीत आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेआठ असतात. तारीख चुकली तर आरोप भलत्याच रात्रीचा होतो.

दुसरा गैरसमज म्हणजे नकाशावर दिसतो तोच सगळा समुद्र. तिथे दिसतात त्या फक्त एआयएस, म्हणजे बोटीची ओळख आणि जागा रेडिओवरून कळवणारे यंत्र, चालू ठेवणाऱ्या बोटी. आपल्याकडे ते 20 मीटरपेक्षा लांब बोटींना लागते. छोट्या बोटी बहुतेक दिसतच नाहीत. 2024 च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार जगातल्या औद्योगिक मासेमारी जहाजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जहाजे अशा सार्वजनिक नकाशांवर नसतात. उलट जाळ्याला बांधलेली एआयएसची तरंगती खूण (बोयी) मात्र बोटीसारखीच दिसते. ठिपका अचानक गायब झाला म्हणून तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, चोर ठरवू नका. यंत्र बिघडते, किनाऱ्यावरच्या अँटेनाची कक्षाही संपते.

दिव्यांच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते. कृत्रिम प्रकाशातल्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली. रात्रीचा उजेड टिपणारे उपग्रह आहेत, पण ढग आणि पौर्णिमेचे चांदणे त्यांना चकवते, आणि समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राच्या ज्वाळा, नांगरलेली मालवाहू जहाजेही उजळ दिसतात. शिवाय अनेकदा दिवे आणि जनरेटर एका बोटीवर, तर पर्ससीन जाळे (माशांच्या थव्याला वेढून तळाशी आवळायचे) दुसऱ्या बोटीवर असते. एकीचीच नोंद केलीत तर दुसरी सुटते.

एकाच साधनावर विसंबायचे नाही, हे उत्तर कोरियाच्या समुद्राने दाखवले. तिथे 2017 मध्ये चिनी मूळ असलेली 900 हून अधिक जहाजे बेकायदा मासेमारी करत होती. एआयएस, रडार, रात्रीचा उजेड आणि उपग्रहाची छायाचित्रे एकत्र पाहिली तेव्हा ते उघड झाले.

महाराष्ट्रात 9 जानेवारी 2025 पासून किनाऱ्यावर नऊ ठिकाणांहून ड्रोन उडू लागले. ड्रोनचे चित्रीकरणही नोंदणी क्रमांक वाचता येत नसेल तर लंगडेच. स्वतःचा ड्रोन उडवायला जाऊ नका; किनाऱ्याजवळच्या संरक्षण क्षेत्रांत उड्डाणावर निर्बंध असतात. रात्री संशयित बोटीचा पाठलागही नको, जिवाशी खेळ होतो. ती बोट कधीतरी जेट्टीला लागतेच. तेव्हा दिवसाउजेडी तिचा क्रमांक, डेकवरचा मोठा जनरेटर आणि दिव्यांची रांग एकाच फोटोत घ्या, आणि रात्रीच्या जीपीएस नोंदीसोबत त्याच दिवशी परवाना अधिकाऱ्याकडे द्या.