दुर्मिळ पामचं बी किंवा रोप घेताय? आधी एवढं तपासा

सोसायटीच्या गेटवर, ऑफिसच्या लॉबीत, लग्नाच्या स्टेजवर दिसतो तो अरेका पाम मूळचा मादागास्करचा. मग पामचं वेड लागलेल्यांची पुढची उडी तिथल्याच दुर्मिळ जातींवर पडते आणि ऑनलाइन कोणी ना कोणी त्या विकत असतंच. घ्या, पण बघून घ्या, कारण 2012 साली आययूसीएनने, म्हणजे कुठली जात किती धोक्यात आहे ते ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने, तिथल्या 192 पाम जाती तपासल्या तर 83 टक्के धोक्यात निघाल्या.

आधी शास्त्रीय नाव मागा. नुसतं 'रेअर पाम सीड्स' लिहिलंय आणि नाव विचारलं की समोरचा गप्प, तर सोडून द्या. नाव मिळालं की आययूसीएनच्या रेड लिस्टच्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीच्या, वेबसाइटवर टाका, फुकट आहे, आणि तिथे 'थ्रेट्स' नावाचा भाग असतो तो नक्की वाचा, लोक तोच सोडतात.

त्यात काय सापडतं ते व्होआनिओआला जेरार्डीवरून कळेल. हा नारळाचा भाऊबंद, ईशान्य मादागास्करच्या मासोआला भागातल्या पावसाळी जंगलातला, अगदी मोजकी झाडं उरलीत. एक तर जंगल तोडून जाळून उतारावर भात पेरतात, तिकडे त्याला तावी म्हणतात, त्यात जागाच जाते. दुसरं म्हणजे खाण्यासाठी शेंड्याचा कोंब काढतात. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, गेंड्या भुंग्याने कोंब खाल्ला की माड गेलाच, एका खोडाच्या पामला दुसरा कोंब फुटत नाही, म्हणजे एका जेवणासाठी अख्खं झाड. पण गरीब गावकऱ्यांना शिव्या घालत बसू नका हां, 2009 च्या सत्तापालटानंतर याच जंगलात रोजवूड या महागड्या लाकडाची चोरटी तोड झाली ती गावच्या जेवणासाठी नव्हती, ते लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, म्हणून ओंडके नदीतून न्यायला तराफ्यासाठी हलक्या लाकडाची झाडं वेगळी तोडली. आणि तिसरं कारण आपण, बी गोळा करून विकणं, जंगलात मोजकंच बी पडतं, तेही उचललं तर नवीन रोप येणार कुठून?

म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा, बी जंगलातलं की लागवडीतल्या झाडाचं? जंगलातलं असेल तर पैसे कोणाला जातात? मादागास्करचाच ताहिना पाम 2008 मध्ये जगापुढे आला तेव्हा त्याचं बी लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानाच्या मदतीने विकून पैसे गावाला दिले, असा हिशोब सांगता येत असेल तर ठीक.

मग कागद. बाहेरून बी किंवा रोप मागवायला आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला, लागतं, व्होआनिओआला साइट्स (CITES) या धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे त्यामुळे त्याला तेही कागद. 'गिफ्ट लिहून पाठवतो' म्हणणाऱ्याला ब्लॉक करा.

एवढी कटकट नको असेल तर नर्सरीतला मॅजेस्टी पाम घ्या, तोही मादागास्करचाच, जंगलात धोक्यात पण लागवडीत ढिगाने, फक्त पाणी भरपूर द्या, तो मुळात नदीकाठचा आहे.